रश्श्याच्या गावात चिकन सीझर सॅलड

कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे ठरलेले वार. त्या दिवशी कोंबडी नाहीतर मटण, आणि सोबत तांबडा-पांढरा रस्सा. कच्चं म्हणून काय, तर चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. अशा घरात कुणी रात्रीच्या जेवणाला सॅलड केलं, तर वडीलधारं माणूस ताटाकडे बघून हमखास विचारतं, "बरं आहे, आणि जेवायला काय?"

प्रश्न रास्त आहे. चार पानं आणि दोन काकडीच्या चकत्यांना जेवण म्हणता येत नाही. पण चिकन सीझर सॅलड वेगळं. त्यात कोंबडी आहे, पाव आहे, अंडं, तेल आणि चीज आहे. माणशी सव्वाशे ते दीडशे ग्रॅम कोंबडी धरली आणि हात आखडता न घेता पाव घातला, तर भाकरीची आठवण येत नाही. करायला अवघडही नाही. तरी घरी केलेलं सॅलड बहुतेक वेळा मऊ, पाणचट आणि बेचव होतं, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पाणी. पानांवर राहिलेलं पाणी, कोंबडीतून सुटलेलं पाणी, पावात शिरलेली वाफ. आपला हात रश्श्याला सरावलेला, त्यामुळे पातळपणाची आपल्याला भीती वाटत नाही. इथे ती बाळगायची. पुढे प्रत्येक पायरीवर हे पाणी कुठून येतं आणि कसं अडवायचं, ते पाहू.

आधी हे सॅलड मुळात काय आहे ते थोडक्यात. नावातला सीझर रोमचा जुलिअस नव्हे. सीझर कार्डिनी नावाचे एक इटालियन गृहस्थ अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात उपाहारगृह चालवत. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे सॅन दिएगोकडची मंडळी सीमा ओलांडून तिहुआनात येत. कार्डिनी कुटुंबाच्या सांगण्यानुसार 4 जुलै 1924 ला गर्दी इतकी झाली की भटारखान्यातलं सामान संपत आलं. तेव्हा उरलेली पानं, अंडी, पाव, चीज आणि तेल एवढ्यावर त्यांनी पाहुण्यांसमोरच हे सॅलड कालवलं. प्रसिद्ध अमेरिकी पाककृतीलेखिका ज्युलिया चाइल्ड यांनी लहानपणी आईवडिलांबरोबर तिथे ते खाल्ल्याची आठवण लिहून ठेवली आहे. त्या मूळ सॅलडात कोंबडी नव्हती. पानं अख्खी असत आणि ती हाताने उचलून खायची रीत होती. कोंबडी पुढे आली, आणि तिच्यामुळेच ते पोटभरीचं झालं.

आता सामान. चौघांसाठी पाचशे ते सहाशे ग्रॅम बोनलेस कोंबडी, लेट्यूसचे दोन मध्यम गड्डे, पावाचे पाच-सहा स्लाइस, तीन अंडी, साठ ग्रॅम कडक चीज, दोन कागदी लिंबं, लसणाच्या चार पाकळ्या, थोडी मोहरी, मिरी आणि तेल. पोट आणखी भरावं असं वाटत असेल, तर दोन उकडलेले बटाटे.

लेट्यूस म्हणजे कच्ची खायची, कोबीसारखा गड्डा येणारी पण त्याहून नाजूक पालेभाजी. सीझर सॅलडला त्यातली रोमेन जात लागते: उभट गड्डा, लांब पानं, मधोमध कुरकुरीत जाड शीर. लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मंडईत ती रोज दिसेल याचा भरवसा नाही. भाजीवाल्याला एक दिवस आधी सांगून ठेवावं, नाहीतर मोठ्या दुकानातल्या थंड कपाटात पाहावं. घेताना देठाकडचा काप पहा. तो तपकिरी आणि चिकट असेल, तर गड्डा जुना आहे.

रोमेन नाहीच मिळाला, तर आइसबर्ग हा गोल गड्डा चालतो. तो कुरकुरीत असतो, पण चवीला पाण्यासारखा, आणि पाणीही जास्त सोडतो. तोही नसेल, तर कोवळ्या कोबीची आतली पानं बारीक चिरून घ्यावी. माझ्या मते शिळ्या आइसबर्गपेक्षा ताजा कोबी कधीही बरा. पालक मात्र घेऊ नका. ड्रेसिंगच्या, म्हणजे पानांना लावायच्या दाट आंबट मिश्रणाच्या वजनाखाली तो लगेच बसतो.

कोंबडीच्या दुकानात "चेस्टचं बोनलेस" मागावं. गावरान कोंबडी रश्श्याला उत्तम, पण तिला बराच वेळ शिजवावं लागतं. तव्यावर दहा मिनिटांत होणाऱ्या या कामासाठी ब्रॉयलरच बरी. छातीचा भाग कोरडा होतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी मांडीचं बोनलेस घ्यावं. त्यात चरबी जास्त असते, त्यामुळे दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते चिवट होत नाही.

पावाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. इथे मिसळीबरोबर पाव नव्हे, स्लाइस ब्रेड खातात, त्यामुळे जाड कापाचा, फारसा गोड नसलेला ब्रेड बेकरीत सहज मिळतो. तोच घ्यावा, आणि आदल्या दिवशीचा. ताज्या ब्रेडमध्ये ओल जास्त असते.

चीज कडक आणि मुरलेलं हवं. मूळ पदार्थात इटलीचं पार्मेझान असतं. ते किमान वर्षभर मुरवलेलं असतं आणि किसणीवर भुरभुरीत पडतं. हल्ली भारतात बनलेलं त्या पद्धतीचं चीजही मिळतं. आपल्या नेहमीच्या चीज क्यूबवर भागवलं तर चव खारट-दुधाळ लागते आणि कीस एकमेकांना चिकटतो. अगदीच इलाज नसेल तर क्यूब अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मग किसावा. घरात शाकाहारी कुणी जेवणार असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अस्सल पार्मेझान करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. त्यांच्यासाठी पाकिटावर हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावं.

कामाची सुरुवात आदल्या रात्री, निदान चार तास आधी करायची, आणि ती कोंबडीपासून. नुकत्याच कापलेल्या कोंबडीचं मांस काही तास ताठ असतं. लगेच तव्यावर टाकलं तर दडदडीत लागतं. फ्रीजमध्ये विसावलं की मऊ होतं. म्हणून सकाळी आणून संध्याकाळी करणं हा चांगला हिशोब.

कोंबडी धुतली असेल तर स्वच्छ कापडाने किंवा कागदाने अगदी कोरडी पुसावी. छातीचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो. तसाच शिजवला तर पातळ टोक वाळतं आणि जाड टोक कच्चं राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाड भागावर लाटण्याने हलके ठोके द्यावे, म्हणजे सगळीकडे सारखी दीड ते दोन सेंटिमीटर जाडी होईल.

मग अर्ध्या किलोला एक सपाट चहाचा चमचा मीठ दोन्ही बाजूंनी चोळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवावं. मीठ आधी थोडं पाणी बाहेर काढतं, पण काही तासांत तेच खारं पाणी मांसात परत मुरतं आणि शिजताना आतला रस धरून ठेवतं. मीठ लावून पंधरा मिनिटांतच तव्यावर टाकलं, तर नेमकं ते पाणी बाहेर असतं आणि कोंबडी भाजण्याऐवजी उकडते. लिंबू किंवा दही मात्र रात्रभर लावून ठेवू नका. आंबटाने वरचा थर पिठूळ होतो.

इथे एक काळजी घ्यायची. आपल्या बहुतेक पदार्थांत कोंबडीनंतर सगळं शिजतं, त्यामुळे पाट, सुरी, हात यांच्याबाबत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. सॅलडची पानं कच्ची खायची असतात. कच्च्या कोंबडीवरचे जंतू त्यांना लागले तर ते मारायला पुढे विस्तव नाही. कोंबडीची सुरी-पाट वेगळे ठेवा, किंवा पानं-भाज्यांचं सगळं काम उरकून मगच कोंबडीला हात लावा.

पानांची पाळी. गड्ड्याची बाहेरची दोन-तीन दडस पानं काढून टाकावी, बाकीची एकेक सुटी करून मोठ्या पातेल्यात भरपूर पिण्याच्या पाण्यात बुडवावी. माती तळाला बसते. म्हणून पानं वरून उचलून घ्यावी. पाणी ओतून टाकलं तर गाळ परत पानांवर येतो. पाणी बदलून असं दोन-तीनदा करावं.

शेवटच्या पाण्यात बर्फाचे तुकडे घालून पानं पंधरा-वीस मिनिटं ठेवावी. मलूल झालेली पानंही यात ताठ होतात. पानांच्या पेशी पाणी ओढून घेऊन फुगतात, आणि आपल्याला जाणवणारा कुरकुरीतपणा म्हणजे त्या फुगलेल्या पेशी दाताखाली फुटणं. म्हणजे पाणी पानाच्या आत हवं, बाहेर नको. सगळी मेख यातच आहे.

बाहेरचं पाणी काढताना लोक कंटाळतात. चाळणीत निथळत ठेवून पुरत नाही. सुती धोतराचं किंवा साडीचं जुनं स्वच्छ कापड पसरा, त्यावर पानांचा एकच थर द्या, वर दुसरं कापड ठेवून हलक्या हाताने टिपा, मग सैल गुंडाळी करून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. ड्रेसिंगमध्ये तेल असतं, आणि ओल्या पानावर तेल धरत नाही. ते घसरून ताटाच्या तळाशी जातं. वरची पानं कोरडी-अळणी आणि खाली आंबट डबकं, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय, त्यांची चूक बहुतेक या कापडापाशी झालेली असते.

आता क्रुटॉन्स. म्हणजे तेलात भाजून कडक केलेले पावाचे चौकोनी तुकडे. ब्रेडच्या कडा काढायची गरज नाही. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून तासभर ताटात उघडे पसरून ठेवावे.

तीन मोठे चमचे तेल मंद गरम करून त्यात लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या टाकाव्या. वास सुटला आणि कडा जरा पिवळसर झाल्या की लसूण बाहेर काढावा. तो पावाबरोबर कढईत राहिला तर जळतो आणि सगळं कडू करतो. याच तेलात तुकडे घोळवून जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, अधूनमधून हलवत बारा-पंधरा मिनिटं भाजावे. ओव्हन असेल तर 160 अंशांवर साधारण तेवढाच वेळ.

घाई झाली की इथे घोटाळा होतो. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत तुकडे बाहेरून छान तांबूस दिसतात, पण आत ओल असते. ती ओल बाहेर येते आणि अर्ध्या तासात ते चामट होतात. एक तुकडा मधोमध मोडून पहावा. आवाज करून मोडला तर झाला. दुसरी खोट म्हणजे गरम असतानाच डब्यात भरणं. आतली वाफ डब्यात कोंडते आणि तुकडे सादळतात. पूर्ण गार होऊ द्यावे. पावसाळ्यात तर कोल्हापूरची हवाच इतकी ओली असते की गार झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरणं भाग आहे.

ड्रेसिंगकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं, कारण सीझर सॅलडची चव यातच असते. तत्त्व सोपं आहे. तेल आणि लिंबाचा रस कितीही घुसळले तरी सोडून दिल्यावर वेगळे होतात. अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या कणाची एक बाजू तेलाला धरते आणि दुसरी पाण्याला. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब रसात विखुरलेले राहतात आणि मिश्रण दाट होतं. मोहरीनेही यात मदत होते.

मूळ कृतीत अंडं मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवून जवळजवळ कच्चंच फोडून घालतात. आपल्या हवेत आणि आपल्याकडच्या अंड्यांबाबत मी हा सल्ला देणार नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. तेलंगण सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली, त्यामागे असेच विषबाधेचे प्रकार होते. आणि कच्चं अंडं टाळून चव फारशी कमी होत नाही.

बलक शिजवून घ्यायची रीत अशी. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा. ते खदखदू नये, फक्त वाफ यावी. वर स्टीलचं भांडं असं ठेवा की त्याचं बूड पाण्याला टेकणार नाही. भांड्यात दोन बलक, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा पाणी घालून सतत ढवळत रहा. चार-पाच मिनिटांत मिश्रण फिकट आणि दाट होतं, चमच्याच्या पाठीला थर धरतं. तापमान मोजता येत असेल, तर 71 अंशांपर्यंत गेलं पाहिजे. गेलं की लगेच भांडं उचलून गार पाण्यात बूड टेकवा. क्षणभर दुर्लक्ष झालं की बलकाच्या गुठळ्या होतात, म्हणजे चक्क भुर्जी. थोड्या गुठळ्या असतील तर गाळून घ्या. फार झाल्या असतील तर ते मिश्रण टाका आणि नवं अंडं घ्या.

ज्यांना हे ढवळत बसायचं नाही, त्यांनी पूर्ण उकडलेल्या दोन अंड्यांचे बलक एक चमचा कोमट पाणी आणि लिंबाच्या रसात घोटून घ्यावे. मिश्रण तेवढं रेशमी होत नाही, पण घरच्या जेवणाला चालतं. तिसरा रस्ता चक्क्याचा. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, तिथे दाट दह्याला तोटा नाही. दही रात्रभर बांधून केलेला, साखर न घातलेला चक्का चार मोठे चमचे घेतला, तर अंडं लागत नाही, तेल निम्म्यावर येतं, आणि ड्रेसिंग फाटण्याची भीतीही फारशी उरत नाही. ते सीझर म्हणावं का, यावर जाणकार नाक मुरडतील. चवीला मात्र ते छान लागतं. बाटलीतलं मेयोनेज शक्यतो नको. बरीच मेयोनेजं गोडसर असतात आणि ती गोडी शेवटपर्यंत लपत नाही.

मोहरीसाठी परदेशी बाटली आणायची गरज नाही. लोणच्याला फेसतो तशी मोहरी फेसावी: चमचाभर मोहरीच्या डाळीची पूड दोन चमचे पाण्यात खलून दहा मिनिटं ठेवली की नाकात झणका जातो. हा झणका पाणी लागल्यावरच तयार होतो आणि आंबटाने थांबतो. म्हणून आधी पाणी, लिंबू नंतर. या सॅलडला यातली अर्धा चमचाच मोहरी पुरे.

राहिला तो खोल, खारट-मांसल स्वाद. कार्डिनींच्या सॅलडात तो वूस्टर सॉसमधून यायचा. हा इंग्लंडचा पातळ काळसर सॉस व्हिनेगर, काकवी, चिंच आणि खारवलेले अँकोव्ही मासे घालून करतात. पुढे लोक अँकोव्ही थेट ड्रेसिंगमध्येच वाटून घालू लागले. आपल्याकडे मिळणाऱ्या काही वूस्टर बाटल्यांवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे त्यात मासा नाही. मग तो स्वाद आणायचा कुठून? कोकणातून. मांदेली हा अँकोव्हीच्याच कुळातला मासा. तीन-चार सुकी मांदेली डोकी काढून तव्यावर भाजायची, गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवून मधला काटा काढायचा आणि लसणाबरोबर ठेचायची. खारवून मुरवलेल्या अँकोव्हीची हुबेहूब चव येत नाही, पण ड्रेसिंगला जी खोली हवी असते, ती येते. सुक्या मासळीचा वास घरात नको असेल, तर एक चमचा वूस्टर सॉस आणि थोडं जास्त चीज यावर भागवावं.

आता एकत्र करणं. खलबत्त्यात दोन पाकळ्या लसूण आणि मांदेली अगदी मऊ ठेचा. ते गार झालेल्या बलकात घाला, मोहरी घाला. मग तेल. एकूण सात मोठे चमचे, म्हणजे सुमारे 100 मिली. पहिले दोन चमचे अक्षरशः थेंबाथेंबाने, सतत घुसळत. मिश्रण दाटायला लागलं की बारीक धार धरली तरी चालते.

तेल कोणतं? घाण्याचं शेंगतेल भाकरी-चटणीवर छान, पण इथे त्याचा वास सगळ्यावर बसतो. रिफाइंड तेल पाच चमचे आणि ऑलिव्ह तेल दोन चमचे हा मेळ मला सर्वांत बरा वाटतो. निव्वळ एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह, म्हणजे पहिल्या दाबाचं तेल, मिक्सरमध्ये जोरात फिरवलं की कडू होतं. ते वापरणार असाल तर हातानेच घुसळा. छोटी रवी उत्तम.

तेल घाईने पडलं तर ड्रेसिंग फाटतं: मिश्रण एकदम पातळ होतं आणि कडेला तेल दिसू लागतं. टाकू नका. स्वच्छ भांड्यात चमचाभर गरम पाणी आणि किंचित मोहरी घ्या, आणि फाटलेलं मिश्रण त्यात थेंबथेंब घालत घुसळा. बहुतेक वेळा परत जुळून येतं.

शेवटी निम्मं किसलेलं चीज आणि सढळ हाताने जाडसर कुटलेली मिरी घाला. मीठ सर्वांत शेवटी, आणि चाखून. चीज, मासा, सॉस सगळंच खारं असल्याने बऱ्याचदा ते लागतच नाही. चाखताना चमच्याने चाखू नका, लेट्यूसचं पान बुडवून खा. नुसतं ड्रेसिंग जरा जास्त आंबट-खारट लागलं पाहिजे. पानाबरोबर ते बरोबर होतं. पान उचलून झटकल्यावर ड्रेसिंग त्याला धरून राहिलं तर दाटपणा नेमका आहे.

कोंबडी शिजवण्याआधी अर्धा तास फ्रीजबाहेर काढून पुन्हा एकदा पुसा. मिरी लावा. बिडाचा तवा चांगला तापवून दोन चमचे तेल घाला आणि तुकडे सोडा. चुरचुर आवाज आला नाही, तर तवा तापलेला नाही. चार-पाच मिनिटं हलवायचं नाही. खालची बाजू खमंग तांबूस झाली की तवा स्वतःच तुकडा सोडतो. उलटून आच मध्यम करा आणि आणखी तीन-चार मिनिटं. एका वेळी सगळे तुकडे कोंबू नका, नाहीतर तवा गार पडतो आणि पाणी सुटतं.

सर्वांत जाड भागात 74 अंश तापमान झालं की कोंबडी शिजली. मोजायचं साधन नसेल तर जाड जागी सुरीने चीर द्या. आत गुलाबी दिसू नये आणि रस निवळ यावा. मग ती तशीच आठ-दहा मिनिटं ताटात राहू द्या. लगेच कापली तर सगळा रस पाटावर येतो आणि तिथून सॅलडमध्ये. कापताना धाग्याच्या आडव्या दिशेने बोटभर जाडीचे काप करा.

कांदा-लसूण मसाल्याचं काय, हा प्रश्न कोल्हापुरात येणारच. ड्रेसिंगमध्ये घालू नका. लिंबू, चीज आणि अंड्याची चव त्याखाली पूर्ण दबते आणि रंगही मातकट होतो. कोंबडीला मात्र तव्यावर टाकण्यापूर्वी अर्धा चमचा चोळायला हरकत नाही. तो लवकर करपतो, म्हणून तेव्हा आच सुरुवातीपासून मध्यम ठेवा.

आता सगळं जुळवायचं, आणि हे ताटं मांडून माणसं बसल्यावरच. मोठी परात घ्या. लेट्यूसची पानं हाताने दोन-तीन तुकड्यांत तोडा. निम्म्याहून थोडं जास्त ड्रेसिंग परातीत पसरून त्यावर पानं घाला आणि दोन्ही हातांनी खालून वर अशी अलगद उलटी करा. कुस्करायची नाहीत. प्रत्येक पान चकाकायला हवं, पण परातीच्या तळाशी काही साचू नये. कमी वाटलं तर उरलेल्यातलं चमचा-चमचा वाढवा. वाढवता येतं, काढून घेता येत नाही.

बटाट्याच्या फोडी घालणार असाल तर त्या तव्यावर थोड्या परतून, गार करून पानांबरोबरच घाला. मग निम्मे क्रुटॉन्स, एकदाच हलवून. ताटात वाढल्यावर वर कोंबडीचे काप, उरलेले क्रुटॉन्स, उरलेलं अंडं उकडून केलेल्या फोडी आणि किसलेलं चीज. कोंबडी कोमट असावी. वाफ येणारी कोंबडी थेट पानांवर ठेवली तर दोन मिनिटांत पानं माना टाकतात, आणि इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात जातं. घरातल्या शाकाहारी माणसासाठी मासा आणि वूस्टर न घालता चक्क्याचं ड्रेसिंग वेगळं करावं आणि कोंबडीऐवजी वेगळ्या तव्यावर खमंग परतलेलं पनीर द्यावं.

डबा न्यायचा असेल तर हे सॅलड तयार करून नेता येत नाही. कोरडी पानं कागदात गुंडाळून एका डब्यात, कोंबडी दुसऱ्यात, ड्रेसिंग छोट्या बरणीत, क्रुटॉन्स वेगळ्या पुडीत न्यावे आणि खाताना कालवावे. आणि कोंबडी-ड्रेसिंग दुपारपर्यंत थंड ठेवायची सोय नसेल, तर डब्यात भाकरी आणि सुकंच बरं.

उरलं तर काय, तेही सांगून ठेवतो. कापडात गुंडाळलेली कोरडी पानं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस कुरकुरीत राहतात. क्रुटॉन्स हवाबंद डब्यात आठवडाभर, शिजलेली कोंबडी दोन दिवस, आणि बलक शिजवून केलेलं ड्रेसिंगही फ्रीजमध्ये दोन दिवस. कालवलेलं सॅलड मात्र अर्ध्या तासानंतर खाण्यासारखं राहत नाही, म्हणून ताटात संपेल तेवढंच कालवावं.